दोर तुटेल तेव्हा
(बी. ए. द्वितीय वर्ष)

माझ्या आईचे मामा १९७२ च्या दुष्काळात वडीगोद्री सोडून पुण्याला गेले आणि तिकडचेच झाले. आधी हमाली, मग हडपसरच्या बाजूला एका कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी, यात त्यांचे आयुष्य गेले. आम्ही लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतो. दिवाळीला ते गावी आले की ओट्यावर बैठक भरते आणि पुण्याच्या गोष्टी निघतात. त्यांतली एक गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता माझीच झाली आहे.

हडपसरला केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याचे ग्लायडिंग केंद्र १९५० मध्ये सुरू झाले. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. सुटीच्या दिवशी मामा त्या मैदानाच्या कुंपणाबाहेर जाऊन बसत आणि ती विमाने पाहत. एकदा काय झाले, एक विमान दोराच्या ओढीने वर चढत होते. निम्म्यावर गेले आणि एकाएकी दोर सुटून खाली आला. विमानाने नाक खाली घातले. "गेलं, गेलं!" म्हणून कुंपणाबाहेरची मंडळी उभी राहिली. विमान मात्र सरळ पुढे येऊन मैदानावर अलगद टेकले. अर्ध्या तासाने तेच विमान आणि पुन्हा तोच प्रकार! तेव्हा मामांनी तिथल्या एका कामगाराला विचारले, "का हो, इतका कुजका दोर कशाला वापरता?" तो हसून म्हणाला, "दोर तुटला नाही, बाबा. मास्तरनं मुद्दाम सोडला. पोरगं काय करतंय ते बघायला."

एवढे सांगून मामा दर वेळी थांबतात व आमच्या तोंडाकडे पाहतात. लहानपणी मला त्या मास्तराचा राग येई. आज माझे मत नेमके उलट झाले आहे. त्या मास्तराइतका प्रामाणिक शिक्षक विरळा, असे मला वाटते. हे मत का बदलले, ते आपल्यापुढे मांडावे यासाठी हा लेख.

आपण म्हणाल, "अरे, तू कधी विमानात बसलास?" नाही बसलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. विमान मी पाहिले ते कापूस वेचताना मान वर करून. परंतु मामांच्या गोष्टीने लागलेली चुटपुट काही जाईना. शेवटी आमच्या इंग्रजीच्या सरांनी शब्दकोश हाती दिला आणि म्हणाले, "वाच. न कळले तर विचार." त्या वाचनातून जे हाती लागले, त्याच्या आधाराने बोलतो आहे.

ग्लायडर वर कसे चढते हे समजायला पतंग डोळ्यांपुढे आणावा. मैदानाच्या एका टोकाला विंच नावाचे यंत्र असते : एक दणकट इंजिन आणि दोर गुंडाळणारे रूळ. दुसऱ्या टोकाला विमान. मध्ये हजार मीटरच्या आसपास लांबीची पोलादी तार किंवा कृत्रिम धाग्याचा दोर. इंजिन दोर गुंडाळू लागले की विमान काही सेकंदांत जमीन सोडते आणि नाक जवळजवळ पंचेचाळीस अंशांत वर करून चढत जाते. मिनिटभरही लागत नाही, तोच ते तीनशे-चारशे मीटर उंचीवर पोचते. मग वैमानिक पिवळी मूठ ओढून दोर सोडतो. पुढे ऊन, वारा आणि त्याचे कसब.

आता दोर मध्येच तुटला तर? तो तुटतोच. कधी झिजून, कधी गाठीत अडकून. शिवाय दोरात मुद्दाम एक कमकुवत दुवा बसवलेला असतो. ताण प्रमाणाबाहेर गेला तर विमानावर आघात होण्याऐवजी तो दुवा तुटावा, ही त्यामागची योजना. म्हणजे दोर तुटणे हे केवळ दुर्दैव नव्हे. कधी कधी मोठे नुकसान टाळण्यासाठीच तो तुटतो.

दोर तुटला त्या क्षणी विमानाचे नाक आकाशाकडे असते आणि ओढणारे बळ संपलेले असते. वेग सेकंदासेकंदाला घटू लागतो. वेग फार घटला की पंखांना हवा पेलेनाशी होते. म्हणून पहिले काम, तत्काळ नाक खाली घालणे. दुसरे काम, थांबणे. ते थांबणेच सर्वांत अवघड! कारण नाक खाली आले की विमान नेहमीसारखे उतरत असल्याचे दिसू लागते. प्रत्यक्षात वेग अजून परतलेला नसतो. नाक खाली आले म्हणजे वेग आला असे नव्हे. त्या फसव्या क्षणी घाईने वळण घेतले किंवा पंखांवरचे ब्रेक उघडले तर विमान गिरकी घेऊन कोसळते, आणि सावरायला खाली उंची नसते. म्हणून वेगाच्या काट्याकडे पाहत थांबायचे, वेग आला की लोंबणारा दोराचा तुकडा सोडायचा आणि मग ठरवायचे : समोर मैदान शिल्लक असेल तर सरळ उतरायचे, नसेल तरच वळायचे.

चार वाक्यांचे हे ज्ञान आहे. कोणीही एका रात्रीत पाठ करील. मग मास्तराने दोर सोडण्याचा खटाटोप कशासाठी?

याचे उत्तर मला पुस्तकात मिळण्याआधी आमच्या विहिरीवर मिळाले होते. मी नववीत होतो. विजेचा धक्का बसल्यास काय कराल, हा प्रश्न सहामाहीला आला होता. प्रवाह बंद करावा, कोरड्या लाकडाने माणसाला तारेपासून दूर करावे, उघड्या हाताने स्पर्श करू नये, असे मी मुद्द्यांसह लिहिले आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. त्यानंतर महिनाभरातच चुलते मोटार चालू करायला गेले आणि स्टार्टरच्या पेटीला चिकटले. मी दहा पावलांवर उभा होतो. मुद्दे मला तोंडपाठ होते. तरी मी काय केले असेल? हात पुढे करून त्यांच्याकडे धावलो! शेजारच्या रानातली एक म्हातारी आजी ओरडली, "आरं, हात लावू नकु! लाकूड घे, लाकूड!" आणि मी भानावर येण्याआधी तिनेच कुंपणातली वाळली काठी उपसून चुलत्यांच्या हातावर हाणली. चुलते वाचले. बोटे भाजली, ती आजही वाकडी आहेत. आजीला शाळेचे तोंड माहीत नव्हते. तिने असा प्रसंग पूर्वी एकदा पाहिला होता, आणि त्या वेळी माणूस गेला होता. एवढेच तिचे शिक्षण.

माहीत असणे आणि येणे यांत किती अंतर असते, ते मी त्या दिवशी मोजले. दहा पावले.

ग्लायडरमध्ये तर हे अंतर आणखी विचित्र असते. नाक झटकन खाली घातले की पोटात कळ उठते, अंग आसनावरून हलके होते, घाटात एस. टी. उतरणीला लागली की होते तसे, पण त्याहून जास्त. नवख्याला वाटते की विमान कोसळू लागले. मग घाबरून तो नाक आणखी खाली दाबतो किंवा एकदम वर ओढतो. दोन्ही घातक. हा भास कागदावर वाचून ओळखीचा होत नाही. तो पोटानेच अनुभवावा लागतो. आणि पहिल्यांदा अनुभवताना मागे किंवा शेजारी कोणी जाणता बसलेला असावा लागतो.

हा जाणता माणूस विमानात यायलाही काळ जावा लागला. जर्मनीचा ओटो लिलिएन्थाल हा या विद्येचा आद्य पुरुष. त्याने टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. आणि ऑगस्ट १८९६ मध्ये त्याचे ग्लायडर हवेत वेग हरवून पडले व दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याला सावध करणारे कोणी नव्हते, कारण त्याच्या पुढे कोणी गेलेलेच नव्हते. त्यानंतरही कित्येक वर्षे शिकाऊ माणसाला साध्यासुध्या ग्लायडरमध्ये एकट्यालाच बसवीत. दोन आसनी विमाने सर्रास आली तेव्हा कोठे गुरू आणि शिष्य एकाच संकटात एकत्र बसू लागले. आपल्या देशातही नागरी विमान वाहतूक खात्याच्या तंत्र केंद्राने ग्लायडरे तयार केली. त्यांची नावे ऐकून माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलाला घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले : अश्विनी, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा! ज्या नक्षत्रांकडे पाहून आम्ही पेरतो त्याच नावांची विमाने. त्यांतल्या रोहिणीत दोन माणसे शेजारी शेजारी बसत. दोघांच्या हाती सारखेच दांडे, पण पडू द्यायचे किती आणि सावरायचे केव्हा, हे एकालाच ठाऊक.

आता विरोधी पक्षाचेही ऐकले पाहिजे, कारण तो पक्ष दुबळा नाही.

पहिला आक्षेप असा की, सरावच माणसे मारतो. हे खरे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलात मीटिअर नावाची दोन इंजिनांची जेट विमाने होती. एक इंजिन बंद पडले तर कसे उतरावे, याचा सराव करताना कितीतरी वैमानिक दगावले. संकट आलेच नव्हते. ते घरी बोलावून आणले होते. तेव्हा जो सराव प्रत्यक्ष संकटापेक्षा अधिक जीव घेतो, त्याला शिक्षण म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी मंडळींचा. "आम्ही वीस वर्षे उडतो आहोत, आमची कसली तपासणी?" परंतु वीस वर्षांत ज्याचा दोर एकदाही तुटला नाही, तो दोर तुटण्याच्या बाबतीत नवशिकाच नव्हे काय? उलट इतकी वर्षे सारे सुरळीत गेल्याने त्याच्या मनात अशी गाठ बसलेली असते की आजही सुरळीतच जाणार. तपासणी उड्डाणाची खरी गरज त्यालाच आहे. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने २००५ मध्ये विंचवरून सुरक्षित उड्डाण करण्यासंबंधी एक मोहीम हाती घेतली. मागील अपघात नीट तपासले आणि नवख्यांपासून शिक्षकांपर्यंत सर्वांना तेच मूळ धडे पुन्हा गिरवायला लावले : जमिनीवर धावताना पंख कलू लागला आणि सावरेना तर तत्क्षणी दोर सोडा, नाक हळूहळू वर न्या, ओढ तुटली तर वेग आल्याशिवाय वळू नका. त्यानंतरच्या वर्षांत तिथले विंचवरचे जीवघेणे अपघात स्पष्टपणे कमी झाले. नवे यंत्र आणले नव्हते. जुनीच शिकवण अंगात मुरवली होती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. न सांगता दोर सोडणे ही विश्वासघाताची रीत नव्हे काय? शिष्य मान खाली घालून शिकतो आहे आणि गुरू मागून त्याचा दोर काढून घेतो!

यावर माझे म्हणणे असे की, तीन अटी पाळल्या तर तो विश्वासघात नाही. न पाळल्या तर आहे.

पहिली अट, आधी शिकवा, मग परीक्षा घ्या. जमिनीवर समजावून सांगा, भरपूर उंचीवर करून दाखवा, सांगून करवून घ्या. आणि त्यानंतरच एखाद्या दिवशी न सांगता दोर सोडा. न शिकवलेले विचारून विद्यार्थ्याला पाडणे यात गुरूचे कसब नाही, त्याचा उन्मत्तपणा आहे.

दुसरी अट, शिष्याने सर्वस्वी चुकीचे केले तरी दोघेही घरी परतले पाहिजेत. उंची, वारा, पुढे उरलेले मैदान हे सगळे पाहूनच दोर सोडायचा. शिष्याची चूक सावरायला जितकी उंची आपल्याला लागेल तितकी हाताशी नसेल, तर त्या दिवशी तो धडा घ्यायचाच नाही. आणि शिक्षकाला स्वतःला हे जमते की नाही, हेही कोणीतरी वेळोवेळी तपासले पाहिजे.

तिसरी अट, संकट दर वेळी एकाच ठिकाणी आणू नका. दोर नेहमी एकाच उंचीवर सोडला तर शिष्य तेवढ्या उंचीचे उत्तर पाठ करतो. कमी उंचीवर सरळ पुढे उतरायचे असते, अधिक उंचीवर छोटासा फेरा मारून परतता येते; आणि मधल्या उंचीवर दोन्ही शक्य वाटतात, तिथेच खरी कसोटी लागते. शिवाय दोर नेहमी खाडकन तुटतो असेही नाही. कधी विंचची ओढ हळूहळू मंदावते. आवाज नाही, धक्का नाही, नुसता वेग ओसरत जातो. आणि माणूस "आता येईल, आता येईल" म्हणत वाट पाहत राहतो. माझ्या मते हा प्रकार सर्वांत दगाबाज.

मित्रहो, इथवर आल्यावर मला आपल्या महाविद्यालयाकडे वळल्यावाचून राहवत नाही. आपले शिक्षण कोणत्या प्रकारचे आहे? आपण कोणत्या उंचीवर दोर तुटणार हे आधीच ठाऊक असलेले शिष्य आहोत. गाईड आहे, संभाव्य प्रश्नांची यादी आहे, मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. प्रश्न थोडा फिरवून आला की आपण "अभ्यासक्रमाबाहेरचा" म्हणून ओरडतो. मीही ओरडलो आहे.

पण आपल्यापैकी बहुतेकांचे दोर अभ्यासक्रमाबाहेरच तुटतात. पहिल्या वर्षी माझ्या बाकावर बसणारा एक मित्र होता, माझ्यासारखाच घरातला पहिला. दिवाळीनंतर वडिलांनी अंथरूण धरले. दोर खाडकन तुटला नाही. ओढ मंदावत गेली. आधी सोमवारचे तास बुडाले, मग आठवडा, मग परीक्षेचा अर्ज राहिला. तो आज उसाच्या ट्रकवर आहे. तो आळशी नव्हता की मंदही नव्हता. अशा वेळी आधी काय करायचे, कोणाला भेटायचे, कोणता अर्ज करायचा, काय काही दिवस तसेच राहू द्यायचे, हे त्याला कोणी कधी करून दाखवले नव्हते. शिकलेल्या घरातल्या मुलाच्या मागच्या आसनावर भाऊ, काका, आत्या कोणी ना कोणी बसलेले असते. आमच्या मागचे आसन रिकामे असते. आईवडील जमिनीवरून डोळ्यांवर हात धरून वर पाहत असतात. त्यांची माया अपार, पण दांडा त्यांच्या हाती नाही. मी त्याच्या शेजारी बसत होतो. मीही विचारले नाही. ते दहा पावलांचे अंतर मला दुसऱ्यांदाही तोडता आले नाही, याची खंत आहे.

म्हणून गुरुजनांना एक नम्र विनंती आणि सोबत्यांना एक सूचना. सरांनी राग मानू नये. वर्षातून दोनचारदा आमचा दोर मुद्दाम सोडा. शिकवलेल्यातलेच, पण कोणत्याही गाईडात नसलेले विचारा. चुकलो तर तिथेच सावरा आणि का चुकलो ते सांगा. त्याला गुण नकोत. आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या महिन्यातच एकदा विचारा, "उद्या तुझे घरून येणारे पैसे थांबले तर तू पहिल्या दिवशी काय करशील?" त्यांना मोठ्याने उत्तर देऊ द्या. सोबत्यांनो, आपणही विजेचा धक्का, साप, आग यांची तालीम एकदा तरी हातांनी करून पाहू या. मुद्दे आपल्याला पाठ आहेत, हातांना ते ठाऊक नाहीत.

वैमानिकांची एक पद्धत मला फार आवडली. उड्डाणापूर्वी विमानाची एकेक गोष्ट तपासून झाली की शेवटी वैमानिक स्वतःशी उच्चारतो : आज वारा अमुक दिशेचा आहे, दोर तुटला तर नाक खाली घालीन, इतका वेग येईतो थांबेन, जागा असेल तर सरळ उतरेन, नसेल तर अमुक बाजूला वळेन. हे दर वेळी म्हणायचे असते. दोर शाबूत असताना, आकाश निरभ्र असताना म्हणायचे असते. त्यात अभद्र बोलणे नाही. आमच्याकडे पेरणीला निघताना "पाऊस नाही आला तर" असे कोणी म्हटले की म्हातारी माणसे त्याला गप्प करतात. पण म्हणायला हवे. ज्याने आधी म्हटलेले असते त्यालाच वेळेवर थांबता येते.

या दिवाळीला मामा आले तेव्हा मी त्यांना विचारले, "मामा, त्या पोराचं पुढं काय झालं?" मामा म्हणाले, "काय व्हायचंय? तिसऱ्या बारीला मास्तर खाली उतरला आन् पोरगं एकटंच वर गेलं."

हे मात्र मामांनी आजवर कधी सांगितले नव्हते. बहुधा आम्ही कधी विचारलेच नसावे.